ओली सालपटं

तिने शेगडीचं दार उघडलं आणि धुराचा लोट थेट तिच्या तोंडावर आला. डोळे चुरचुरले, खोकल्याची उबळ आली, आणि हातातला चिमटा सुटून पडला तो नेमका पायाच्या अंगठ्यावर. लंगडत जाऊन तिने खिडकी ढकलली. धूर काही बाहेर जाईना. बाहेरची थंडी मात्र टपूनच बसल्यासारखी आत शिरली. सकाळपासून खपून खोली जेमतेम कोमट केली होती, ती बघता बघता पुन्हा गारठली.

शेगडीत दोन जाडजूड सालपटं एकमेकांना टेकून आरामात बसली होती. पेटायचं नाव नाही. त्यांच्या टोकांतून पाणी फसफसत होतं आणि निखाऱ्यांवर गळून चर्रचर्र वाजत होतं.

"बाबा!"

सासरे दारापाशी स्टुलावर बसून करवतीच्या दातांना कानस मारत होते. कान त्यांचे चांगले शाबूत होते. पण सुनेची पहिली हाक आपल्यासाठी नसतेच, असं त्यांनी ती या घरात आली त्याच वर्षी ठरवून टाकलं होतं.

"बाबा, ही ओली लाकडं कुणी घातली?"

"कुणी म्हणजे? मी."

"का पण?"

"पेटतील."

"कधी, उन्हाळ्यात?"

सासऱ्यांनी कानशीवरचा कीस फुंकला. विषय संपला की ते काहीतरी फुंकत. आतल्या खोलीत टिल्ली खोकली, कोरडं, घशात काही अडकल्यासारखं. चार वर्षांच्या पोरीचा हा खोकला हटायला तयार नव्हता, आणि डॉक्टरांनी औषधाच्या बाटलीबरोबर एक सल्ला फुकट दिला होता: घरात धूर करू नका. तिने तो घरी येऊन सासऱ्यांना शब्दन् शब्द ऐकवला होता. "डॉक्टरांच्या घरात शेगडी आहे का?" एवढंच त्यांनी विचारलं होतं.

तिने दोन्ही सालपटं चिमट्याने ओढून बादलीत घातली आणि अंगणात नेऊन आपटली.

अंगण आता नावालाच उरलं होतं. वखारीत ओंडका करवतीवर चढला की आधी त्याच्या चारी बाजू उतरवतात. आत उरतं ते चौकोनी, सरळ लाकूड. त्याच्या फळ्या होतात आणि त्या विकल्या जातात. उतरवलेल्या कापांना मात्र एका अंगाला साल आणि दुसऱ्या अंगाला सपाट लाकूड, त्यांना बाजारात कुणी विचारत नाही. तीच सालपटं. लोखंडी पट्टीने बांधलेले त्यांचे भारे वखार जवळपास फुकटात देऊन टाकते, आणि वखारीच्या आसपासची निम्मी घरं थंडीत त्यांच्यावरच तग धरतात.

या घराला तर ती हक्काचीच. वखारीच्या मोठ्या करवतीवर आधी सासरे होते, आता नवरा. करवत एक, तिच्यावरचा माणूस एक, आणि ती जागा बापाकडून मुलाकडे आली होती. सासरे दहाच्या दहा बोटं घेऊन रिटायर झाले होते. या धंद्यात ही काही लहानसहान गोष्ट नव्हे, आणि कुणी विसरू नये म्हणून ते पाहुण्यांसमोर दोन्ही पंजे उघडून दाखवत.

सालपटं कशी जाळायची हे तिला शिकवलंही त्यांनीच. लग्न होऊन आली तेव्हा तिला यातलं ओ की ठो कळत नव्हतं. साल वरच्या अंगाला ठेवून रचायची, म्हणजे पाणी आत मुरत नाही. दोन थरांत वारा खेळायला जागा सोडायची. या वर्षी आलेलं पुढच्या वर्षी जाळायचं. आणि शंका असेल तर दोन सालपटं एकमेकांवर आपटायची. टण्ण वाजलं तर शेगडीत घाल, बद्द वाजलं तर वर्षभर विसर. इतकं सगळं तिच्याकडून घोकून घेतलेला हा माणूस आता स्वतःच टेम्पोतून उतरलेली ओलीचिंब सालपटं त्याच दिवशी शेगडीत कोंबत होता. आणि रस्त्याच्या बाजूच्या भिंतीला, पत्र्याखाली, वाळून खडखडीत झालेली जुनी सालपटं ओळीने रचलेली होती. पातळ, एकसारखी, येणाऱ्याजाणाऱ्याने बघत राहावं अशी. त्यांना हात लावायची सोय नव्हती. हात लावला की सासरे कुठूनतरी उगवत.

"तिकडची नको."

"अहो, वाळलीत ती!"

"राहू देत. कामाला येतील."

कसल्या कामाला, ते देव जाणे. जळणाचं दुसरं काम काय असतं?

बरं, एवढ्यावरही थांबत नव्हतं. वखारीतून निघालेला भारान् भारा इथेच आला पाहिजे, असा त्यांनी टेम्पोवाल्याला दम भरून ठेवला होता. बेकरीवाला भट्टीसाठी दोन भारे मागायला आला, त्याला दारातूनच परत पाठवलं. शेजारीणबाईंना कोंबड्यांच्या खुराड्यावर टाकायला दोन सालपटं हवी होती. तिने ती आनंदाने दिली. कटकट तेवढीच कमी. संध्याकाळी सासरे शेजारी गेले आणि खुराड्यावर चढवलेली सालपटं उतरवून काखोटीला मारून परत आले. कोंबड्या उघड्यावर. तेव्हापासून शेजारीणबाई तिला बघून तोंड फिरवत होत्या. दोन फळकुटांसाठी माणसं तुटली, आणि तोंड दाखवायचं हिने.

म्हातारचळ, दुसरं काय. नवऱ्याला तिने चारचारदा सांगितलं. तो हसून म्हणायचा, "असू दे गं. त्यांचा तेवढाच विरंगुळा." दिवसभर धूर कुणाच्या नाकात जातो ते न बघता असं म्हणणं फार सोपं असतं.

बादली घेऊन ती वळली तेव्हा धुराडं साफ करणारा माणूस छपरावरून खाली उतरत होता. त्याच्या ब्रशाला डांबरासारखं काळं, चिकट काहीतरी लोंबत होतं.

"वहिनी, हे बघा. मागच्या महिन्यातच काढलं होतं मी."

"बघतेय."

"ओलं जाळताय तुम्ही. हा थर असाच साचत राहिला ना, तर एक दिवस धुराडंच पेट घेईल. वरचं छप्पर लाकडी आहे तुमचं."

"मला नका सांगू. त्यांना सांगा," ती दाराकडे बोट दाखवून म्हणाली.

त्या माणसाने दाराकडे पाहिलं. सासऱ्यांनी कानशीवर फुंकर मारली.

तो माणूस गेला आणि तिच्या मनात जे उकळत होतं ते उतू गेलं. ती तडक आत गेली, पदराला हात पुसले, मोबाइल उचलला आणि वखारीच्या मालकांना फोन लावला. मालकांशी ती आयुष्यात दोनदा बोलली असेल, तीही लग्नकार्यात. पण रागाला ओळख लागत नाही.

"मालक, एक विनंती होती. आमच्याकडे भारे पाठवणं बंद करा. आणि जमलं तर आहेत ते घेऊन जा. पाय ठेवायला जागा उरली नाही."

"तुमच्याकडे?" मालकांचा आवाज जरा चमकलेला वाटला. "सगळे तुमच्याकडेच येतात?"

"सगळे. एकूण एक."

"अस्सं." "बरं झालं फोन केलात. मला बघायचंच होतं. काय होतंय, गेले काही महिने ओंडक्यामागे फळ्या कमी निघतायत. लाकूड तेच, माल कमी. मला वाटलं कुणी हात मारतंय. पण सालपटं बघितली की सगळं कळतं. उद्या सकाळी मीच येतो."

"या ना," ती म्हणाली. "जरूर या. टेम्पो घेऊनच या."

फोन ठेवताना तिला कितीतरी दिवसांनी हलकं वाटलं. तिने टिल्लीला मध चाटवला, तिचे केस विंचरले, आणि बातमी द्यायला बाहेर आली. खोटं कशाला बोला, थोडी मजाही वाटत होती.

"बाबा, उद्या सकाळी मालक येतायत. सालपटं बघणार आहेत सगळी. आणि घेऊनही जाणार."

कानस थांबली. या वेळी सासऱ्यांनी काही फुंकलं नाही. ते स्टुलावरून उठले, करवत उचलली आणि चपला न घालता अंगणात गेले. गेल्या आठवड्याचा भारा मागच्या कोपऱ्यात होता. त्याची लोखंडी पट्टी त्यांनी कापली, एक सालपट ओढून लाकूड कापायच्या घोडीवर आडवं टाकलं आणि कापायला सुरुवात केली. एक तुकडा पडला, दुसरा पडला. वयाच्या मानाने हात अजून चालत होता, पण श्वास पुरत नव्हता. तिसऱ्या तुकड्याला ते धापा टाकायला लागले.

"हे काय आता नवीन?" ती मागोमाग आली होती. "टेम्पोत घालून जाणारच आहेत ना ती?"

"ही जाणार नाहीत."

"का नाही जाणार?"

"तू आत जा."

"नाही जात. आज मला कळू द्या एकदा काय ते. पोरगी खोकून खोकून बेजार झालीय, शेजारी बोलत नाहीत, छप्पर पेटायची वेळ आलीय, आणि तुम्ही..." ती बोलता बोलता खाली वाकली आणि घोडीपाशी पडलेलं पुढचं सालपट उचलून भिरकावणार होती. पण उचलताना ते एका बाजूला कललं. एक टोक हलकं आणि दुसरं टोक हाताला ओढ लावणारं.

तिने ते नीट धरून पाहिलं. या टोकाला लाकूड बोटभर जाड होतं. तिथून वाढत वाढत त्या टोकाला चार बोटांच्याही वर गेलं होतं. सालीखाली चांगलं, पिवळंधमक लाकूड, ज्याची आख्खी फळी निघाली असती. तिने दुसरं उचललं. तेही तसंच. तिसऱ्याच्या मध्यात काप आत घुसून पुन्हा बाहेर आला होता.

रस्त्याकडच्या भिंतीपाशी जाऊन तिने पत्र्याखालून एक जुनं सालपट ओढलं. सासऱ्यांनी तिला अडवलं नाही. ते या टोकापासून त्या टोकापर्यंत सारख्या जाडीचं होतं. सासऱ्यांच्या हातची सालपटं इतकी पातळ निघत की बायका तक्रार करायच्या, पाणी उकळायच्या आत जळून जातात म्हणून. ही तक्रार सासरे अजूनही पाहुण्यांना कौतुकाने सांगत.

एका हातात नवं आणि एका हातात जुनं घेऊन ती अंगणात उभी राहिली. करवतीवर माणूस एकच होता.

मग एकेक गोष्ट आपोआप आठवायला लागली. परवा नवरा ओतत असताना चहा कपात न पडता बशीच्या कडेवर पडला होता, आणि सासऱ्यांनी लगबगीने फडकं टाकून "काही नाही, काही नाही" म्हटलं होतं. अडकवलेला शर्ट रोज खुंटीखाली जमिनीवर सापडायचा. तिने त्यावरून नवऱ्याला वेंधळा म्हटलं होतं, वर दोन दिवस चिडवलंही होतं. सायकल त्याने कधीच सोडली होती. पंक्चर आहे म्हणाला होता. ते पंक्चर अजून निघालं नव्हतं, आणि तिने एकदाही विचारलं नव्हतं. धुराने तिचे डोळे चुरचुरत होते आणि डोळे नवऱ्याचे गेले होते.

"कधीपासून?" तिने विचारलं.

सासरे घोडीच्या कडेवर बसले. "गेल्या उन्हाळ्यात मला पहिलं जाड सालपट दिसलं. म्हटलं, एखादं होतं. मग होतच राहिली. उजवा डोळा असणार. ओंडका जवळ आहे की लांब, तेच कळत नसणार त्याला."

"त्यांना माहीत आहे?"

"डोळ्याचं माहीत असणार. सालपटांचं नसेल. करवतीवरच्या माणसाची नजर पुढे असते, फळीवर. सालपट मागे पडतं, ते मागची माणसं उचलतात आणि बांधतात. ती माझ्या हाताखालची आहेत. ती बोलणार नाहीत."

"आणि तुम्हीही बोलला नाहीत."

"काय बोलू? माझी जुनी तेवढी पुढे रचून ठेवलीत, ही वाईट तेवढी जाळतो. दिसली नाहीत की झालं." त्यांनी तळहाताने घोडीवरचा भुसा झाडला. "मालकांना कळलं तर करवतीवरून काढतील. फळ्या उचलायला लावतील. माझ्या मुलाला."

तिला वाटलं होतं आता राग ओसरेल. उलट तो नव्याने आला, आणि आधीचा राग त्याच्यापुढे काहीच नव्हता.

"जाळलीत म्हणजे डोळा बरा झाला का? बाबा, ते रोज त्या करवतीपुढे उभे राहतात. रोज! ओंडका जवळ की लांब ते ज्याला कळत नाही, त्याला करवत जवळ की लांब ते कळतं होय? तुमची दहा बोटं आहेत. दहाच्या दहा. दाखवता ना सगळ्यांना? मग त्यांची?"

सासऱ्यांनी तिच्याकडे पाहिलं. मग मांडीवर पसरलेल्या स्वतःच्या हातांकडे पाहिलं आणि बोटं हळूच मिटून घेतली, जणू ती कुणाची तरी मागून आणली होती.

आतून टिल्लीने पाणी मागितलं. तिने जाऊन पाणी दिलं आणि परत आली तेव्हा सासरे पुन्हा करवत घेऊन उभे होते, पण कापत नव्हते.

"उद्या सकाळी यायचेत मालक," ते म्हणाले. "तूच बोलावलंस."

"हो, मीच."

"दोघांनी मिळून कापलं तर अंधार पडायच्या आत होईल. बारीक तुकडे केले की जाडी कळत नाही."

हे त्यांनी विचारलं की मागितलं, ते तिला कळलं नाही. करवतीचं दुसरं टोक तिच्याकडे होतं. क्षणभर तिचा हात पुढे झालाही. मालक आले असते, ढिगाऱ्याभोवती फेरी मारली असती, काही हाती लागलं नसतं आणि गेले असते. घरात दर महिन्याला यायचं ते येत राहिलं असतं. आणि नवरा रोजच्यासारखा डबा घेऊन पुन्हा करवतीपुढे उभा राहिला असता.

तिने ढिगातलं सगळ्यात वाईट सालपट शोधलं. तेच, पहिलं, एका टोकाला बोटभर आणि दुसऱ्या टोकाला चार बोटांवर. ते तिने काखेत घेतलं.

"हे मी आत नेतेय," ती म्हणाली. "याला कुणी हात लावायचा नाही."

नवरा आला तेव्हा दिवे नुकतेच लागले होते. दारातल्या बाकावर बसून बूट काढायची त्याची रोजची सवय होती. सालपट तिने तिथेच टेकवून ठेवलं होतं, त्याच्या हाताशी. सासरे शेगडीजवळ बसले होते. शेगडी विझलेली होती. त्या दिवशी संध्याकाळी कुणी पेटवलीच नव्हती. टिल्ली दोन स्वेटर घालून आजोबांच्या मांडीवर होती.

"आज गारठा का घरात?" नवऱ्याने विचारलं. एक बूट काढला. दुसऱ्या बुटाची नाडी बोटांनी चाचपून सोडवली. मग वाटेत आलेलं सालपट बाजूला करायला म्हणून उचललं, आणि त्याचा हात थांबला.

वखारीतल्या माणसाचा अंगठा लाकडाला लागला की आपणहून चालायला लागतो. त्याचा अंगठा कडेवरून एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे गेला. जाड टोकाशी पोचला तसा त्याच्या कपाळाला आठी पडली.

"हे कुठून आणलंत? पलीकडच्या वखारीतलं दिसतंय." तो हसला. "कुणालाही करवतीवर उभं करतात तिथे. चांगलं लाकूड घालवलंय. शिकवलं नाही वाटतं याला कुणी."

"शिकवलं होतं," सासरे म्हणाले.

नवऱ्याने मान वर केली. बापाकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं. त्याचा अंगठा पुन्हा एकदा त्या कडेवरून फिरला, या वेळी फार हळू, आणि शेवटाला जाऊन तिथेच राहिला. पायातला दुसरा बूट तसाच होता.

तिला वाटत होतं आपण रडू. रडू आलं नाही.

"किती आहेत अशी?" त्याने विचारलं.

"गेल्या उन्हाळ्यापासूनची बाबांनी जाळली," ती म्हणाली. "उरलीत ती मागे आहेत. मालक उद्या सकाळी बघायला येतायत. मी बोलावलं. मला माहीत नव्हतं."

सासऱ्यांनी टिल्लीला मांडीवरून खाली ठेवलं, उठून बाकापर्यंत आले आणि सालपटाकडे हात केला.

"आण इकडे. दोन तुकडे करतो आणि घालतो शेगडीत. एकाने काय होतंय?"

"राहू दे, बाबा." नवऱ्याने ते सालपट भिंतीला उभं टेकवलं. "सकाळी मालकांना दाखवायला लागेल. ते यायच्या आधी मीच जातो घेऊन."

"आणि तिथून डॉक्टरकडे," ती म्हणाली. "मी येतेय बरोबर. टिल्ली शेजारी राहील. शेजारीणबाईंच्या हातापाया पडायचं ते मी बघते."

"बरं," तो म्हणाला.

सासरे थोडा वेळ तिथेच उभे राहिले. मग दार उघडून बाहेर गेले. अंधारात पत्रा वाजला, लाकडं सरकल्याचा आवाज आला. परत आले ते दोन्ही हातांत कवळाभर सालपटं घेऊन. रस्त्याकडच्या भिंतीवरची, पातळ, एकसारखी, त्यांच्या स्वतःच्या हातची. ती त्यांनी शेगडीपाशी ओतली, त्यातली दोन उचलली आणि सवयीने एकमेकांवर आपटली.

टण्ण.

"माझी आहेत," ते कुणाकडेही न बघता म्हणाले. "घाला."

तिने ती शेगडीत रचली आणि काडी लावली. एका काडीत पेटली. धूर झाला नाही. खोलीत पिवळा उजेड पडला आणि टिल्लीने दोन्ही हात पुढे करून ऊब घेतली. जळत मात्र ती खरंच भराभर होती. सासऱ्यांना दोनदा वाकून नवी घालावी लागली, आणि प्रत्येक वेळी त्यांनी घालण्याआधी अंगठा कडेवरून फिरवला.

नवरा एका पायात बूट असलेला तसाच शेगडीपाशी येऊन बसला. ठिणगी उडाली, म्हणून त्याने शेगडीचं दार लावायला हात पुढे केला. मूठ कडीच्या अलीकडेच, हवेत मिटली.

या वेळी कुणी फडकं घेऊन धावलं नाही, कुणी दुसरीकडे बघितलं नाही. त्याने पुन्हा हात पुढे केला, कडी चाचपली आणि दार लावलं.